भिकुबाईची सणक

सणक प्यायलेली माणसं १९८८ साली जळगावात निदान चार हजार तरी असावीत, आणि ती कुठे मिळते हे सांगणारा त्यात एकही नव्हता. आलं, गूळ आणि लिंबू आंबवून केलेलं ते पेय धरणगावच्या पलीकडे कुठल्याशा खेड्यात कुणीशी बाई करते, बूच काढलं की ते फसफसून वर येतं, पहिला घोट नाकातून बाहेर पडतो आणि दुसऱ्या घोटाला माणूस स्वतःचं वय विसरतो, एवढी माहिती सराफ्यापासून डाळमिलपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होती. ती दारू आहे की नाही, याबद्दल मतभेद होते. पिणाऱ्यांच्या मते नव्हती, पिणाऱ्यांच्या बायकांच्या मते होती. पण गावाचं नाव विचारलं की सांगणारा माणूस एकदम घड्याळाकडे बघायचा आणि त्याला काहीतरी काम आठवायचं.

रुपचंद नथू पाटील, हेडक्लार्क, राहणार पिंप्राळा, यांनी ती प्यायलेली नव्हती. ही गोष्ट फक्त त्यांना ठाऊक होती, आणि ती तशीच राहिली असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचं, शैलाचं, लग्न झालं आणि धुळ्याचे हिलाल नाना त्यांचे व्याही झाले.

हिलाल नाना माणूस सज्जन. हुंडा नको म्हणाले, मानपानाला नको म्हणाले. खोड एकच. कुठल्याही गोष्टीची चव घेतली, वास घेतला किंवा नुसतं नाव ऐकलं की ते तपकिरीची डबी काढायचे, एक चिमूट नाकाला लावायचे आणि म्हणायचे, "धुळ्याले यान्हापेक्षा भारी भेटस." दुसरी हौस म्हणजे घरातल्या प्रत्येक वस्तूवर नाव घालून घेण्याची. हंडे-कळश्यांवर सगळेच नाव घालतात, पण नानांच्या घरी पळीवर, अडकित्त्यावर, इतकंच काय, कान कोरायच्या चांदीच्या कोरणीवरही 'हिलाल सुका पाटील, धुळे' असं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं. कोरणीवर 'धुळे' मावलं नव्हतं, ते मागच्या बाजूला घेतलं होतं.

लग्नाच्या पंगतीत नानांनी जळगावचं सोनं, जळगावची केळी आणि जळगावचं भरीत या तिन्ही गोष्टी तीन चिमटींत निकालात काढल्या. मुलीच्या बापाने अशा वेळी मान खाली घालून मठ्ठा वाढावा. रुपचंदांनी तीन वेळा वाढलाही. पण भरताचा अपमान त्यांना सोसवेना. भांडं हातात धरून ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले की, नाना, सगळं मिळत असेल, पण धुळ्याला सणक मिळत नाही. नानांचा डबीकडे गेलेला हात अर्ध्यावर थांबला. तिथेच थांबायचं, पण विजयाची सवय नसलेल्या माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही. रुपचंद पुढे म्हणाले की ती करणारी बाई आमच्या अगदी घरातली, दर आखाजीला आम्हाला बाटल्या पाठवते.

नानांनी हात मागे घेतला. मग हसून म्हणाले की छान झालं, आखाजीला सूनबाईला माहेरी सोडायला मी स्वतःच येतो, तेव्हा प्यायला घाला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येणार, पहिल्या सणाची, आणि तिच्याबरोबर तिचा सासरा रुपचंदांचं खोटं पकडायला येणार. आता खोटं पकडलं गेलं तर रुपचंदांचं काय जायचं ते जाईल, पण शैलाला त्या घरात जन्म काढायचा होता. तिच्या माहेरच्या शब्दाला उद्या कोण किंमत देईल? या विचाराने रुपचंदांनी मार्च महिना कसाबसा काढला. एप्रिल लागला आणि आखाजी दहा दिवसांवर आली, तेव्हा त्यांनी शोध हाती घेतला.

पहिला सल्ला शेजारच्या रतिलालशेठचा. रतिलालशेठचं किराण्याचं दुकान होतं आणि त्यांनी सणक १९७४ साली प्यायली होती. कुठे, ते त्यांना दर वेळी वेगळं आठवायचं, पण १९७४ पक्कं. त्यांनी सांगितलं की खेड्यात असं साध्या कपड्यात गेलं तर कोण कुत्रं विचारत नाही, साहेबासारखं जायला पाहिजे, म्हणजे लोक धडाधड पत्ता सांगतात. रुपचंदांकडे लग्नासाठी शिवलेला राखाडी सफारी होता. सल्ला त्यांना मनापासून पटला.

दुसरा सल्ला समोरच्या झिपरूआप्पांचा. आप्पा एस.टी.चे निवृत्त कंडक्टर, त्यामुळे त्यांना जग तिकिटाच्या टप्प्यांत दिसायचं. धरणगाव सोडल्यावर अडीच टप्प्यांवर एक फाटा आहे, तिथे एकदा एक प्रवासी पिशवीतून बाटल्या घेऊन चढला होता, त्यातल्या एका बाटलीचं बूच उडून गाडीच्या टपाला लागलं आणि ड्रायव्हरला टायर फुटल्यासारखं वाटून त्याने गाडी शेतात घातली, असं त्यांनी सांगितलं. टपावरची खूण गाडी भंगारात जाईपर्यंत होती म्हणे. आजवर कुणी सांगितलं नव्हतं एवढं नेमकं ठिकाण हाती लागलं. रुपचंदांनी ते डायरीत लिहून घेतलं, अडीच टप्पे, आणि खाली रेघ मारली.

बातमी कॉलनीत फुटायला अर्धा दिवस पुरला. रविवारी सकाळी रुपचंद स्कूटर काढतात तर फाटकाशी सहा माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन उभी. रतिलालशेठच्या तीन, आप्पांच्या दोन, कोपऱ्यावरच्या मास्तरांची एक, आणि ज्यांच्याशी रुपचंद वर्षभर बोलत नव्हते त्या घरमालकाच्याही दोन. बाकीच्यांच्या आणि घरच्या धरून सतरा बाटल्या झाल्या. रुपचंदांच्या पत्नी पुष्पाबाई ओट्यावर उभ्या राहून हे बघत होत्या. निघणाऱ्या माणसाला कुठे चाललात असं विचारू नये म्हणून त्यांनी विचारलं नाही. आणि आपल्या कामाचं बायकोला विचारावं असं तेवीस वर्षांत रुपचंदांना कधी वाटलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. एवढ्या एका गोष्टीने सगळा दिवस वाचला असता.

अडीच टप्प्यांवर फाटा होता. फाट्यापासून चार मैल आत टाकरवाडे होतं. उन्हाने स्कूटरच्या सीटवर पापड भाजला असता. गावात शिरताच पारावर बसलेल्या माणसांना रुपचंदांनी साहेबी आवाजात विचारलं, इथे ते आल्याचं पेय कोण करतं? राखाडी सफारी, बगलेत चामडी बॅग, मागे कॅरिअरला बांधलेल्या सतरा रिकाम्या बाटल्या. पारावरच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि एका क्षणात ओळखलं की हा दारूबंदीचा इन्स्पेक्टर आहे आणि बाटल्या नमुने घ्यायला आणल्यात.

त्यानंतर टाकरवाड्याने जो पाहुणचार केला त्याला तोड नाही. कुणीही नाही म्हणालं नाही. एकाने वरच्या आळीला पाठवलं, वरच्या आळीने खालच्या आळीला, खालच्या आळीने नदीपलीकडच्या मळ्यात. मळ्यातल्या माणसाने नम्रपणे सांगितलं की ती बाई होती, पण ती वारली. केव्हा, तर काल. नदीच्या वाळूतून स्कूटर ढकलत दोन वाजता रुपचंद परत पारावर आले तेव्हा त्यांना कळेना की आपला अपमान झाला की सन्मान. प्रत्येकाने नमस्कार मात्र वाकून केला होता.

एवढ्यावर भागलं नाही. ग्रामपंचायतीत चिंधा नावाचा ग्रामसेवक वाटच बघत होता. त्याने भेट-रजिस्टर पुढे केलं आणि तयार करून ठेवलेला एक दाखला वाचून दाखवला. या गावात कोणतेही पेय होत नाही, पिण्याचे पाणीसुद्धा कमीच आहे, तरी साहेबांनी तपासणीअंती सही करावी.

आता इथे शहाण्या माणसाने सांगितलं असतं की बाबा, मी तो नव्हे. रुपचंद तेच सांगायला निघाले होते. पण दाखल्यावर नजर गेली आणि एकवीस वर्षांची नोकरी आड आली. त्यावर 'विषय' नव्हता, 'संदर्भ' नव्हता, आणि 'सदर' तिथे 'सदरहू' हवं होतं. त्यांनी पेन काढलं. विषय घातला, संदर्भ घातला, 'पाणीसुद्धा कमीच' हे वाक्य काढून 'पेयजलटंचाई आहे' असं केलं, शेवटी 'मागणीवरून दाखला दिला असे' हे जोडलं, आणि इतका देखणा झालेला कागद सहीशिवाय कसा सोडायचा, म्हणून खाली लफ्फेदार सही ठोकली. चिंधाने आदराने शिक्का मारून त्याला जावक क्रमांक दिला. अशा रीतीने टाकरवाड्यात सणक होत नाही हे रुपचंद नथू पाटलांनी स्वतःच्या हाताने प्रमाणित केलं.

सही करून ते खुर्चीवर मटकन बसले. घसा कोरडा, सफारी घामाने काळा, आणि डोळ्यांपुढे हिलाल नानांची डबी. त्यांना रडू यायचंच बाकी होतं. वना आबा नावाचे एक म्हातारे कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होते. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि माणूस शत्रू असला तरी विचारायचंच असतं म्हणून विचारलं, "साहेब, तुम्हनं सासर कोठलं?"

रुपचंदांनी सासरचं नाव सांगितलं. सासूचं माहेर कुठलं, असं आबांनी पुढे विचारलं, ते त्यांना आठवेना. सासूचं माहेर लक्षात ठेवणारा जावई अजून जन्मायचा आहे. सासूबाईंचं नाव तेवढं सांगितलं, ताईबाई, आणि मामेसासरे गाव सोडून सुरतेला गिरणीत गेले, असं कधीतरी ऐकल्याचं सांगितलं.

वना आबा उठून उभे राहिले. "ताईबाईनी पोर? पुष्पी?" ते म्हणाले. "अरे चिंधा, हाऊ तं आपला गावना जवाई शे."

गावाचा चेहरा पालटायला बिडी पेटायला लागते तेवढा वेळ लागला. ज्याने काल वारलेल्या बाईची बातमी दिली होती तोच पाय धुवायला पाणी घेऊन आला. टॉवेल-टोपी आली, कुंकू लागलं, कुणाच्या घरून शेव, कुणाच्या घरून पन्हं आलं. पुष्पी लहानपणी या चिंचेवरून पडली होती, पुष्पीला गुळाचा खडा लागायचा, हे तेवीस वर्षांत न कळलेलं रुपचंदांना पाच मिनिटांत कळलं. फक्त चिंधा तेवढा अडून बसला. दाखला फाडता येणार नाही, कारण जावक क्रमांक पडला आहे. मनातून रुपचंदांना त्याचं कौतुकच वाटलं.

आणि मग त्यांना भिकुबाईच्या घरी नेलं.

घराला पाटी नव्हती, कसलीच खूण नव्हती. मागच्या खोलीत सरकीचा छातीएवढा ढीग, आणि त्या उबदार सरकीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे डेरे. डेऱ्यांत आलं, गूळ, लिंबू आणि सासूच्या सासूपासून चालत आलेलं विरजण. समोर अंगणात कपाशीच्या वाळक्या पळकाट्यांचा मांडव आणि त्याखाली मधोमध खोलगट झालेला एक जुना पाटा. भिकुबाई सत्तरीच्या, बोटं वाकडी झालेली, नजर मात्र तीक्ष्ण. जावयाला बघून त्या हरखल्या, पुष्पीची आठवण काढून डोळे पुसले, आणि बाटल्या मागताच पाट्याकडे बोट केलं.

"ज्याले पेवानं शे, त्यानी ठेचानं," त्या म्हणाल्या. "मन्या सासूना नेम शे."

नेम असा होता. सणक विकायची नाही. नेणाऱ्याने बाटलीमागे एक ओंजळ आलं या पाट्यावर स्वतःच्या हाताने ठेचायचं. ते ठेचलेलं डेऱ्यात जायचं आणि पुढे येणाऱ्याला मिळायचं. तुम्ही न्यायची ती तुमच्या आधी येऊन गेलेल्याने ठेचलेली. म्हणून दुकान नाही, पाटी नाही, आणि म्हणूनच शहरातला माणूस इथवर पोचला तरी गावाचं नाव पुढे सांगत नाही. पाट्यावर उकिडवं बसून आलं ठेचलं, हे कोणता प्रतिष्ठित माणूस चारचौघांत सांगेल?

रुपचंदांनी बाह्या वर केल्या. तोच अख्खं टाकरवाडे ओरडलं. जावई आणि पाट्यावर? जावयाला गावात काडी उचलू दिली तर पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा राहील का? चार पोरी वरवंट्याकडे धावल्या, आम्ही ठेचतो म्हणाल्या. भिकुबाई म्हणाल्या, पिणाऱ्यानेच ठेचायचं. वना आबा म्हणाले, जावयाने ठेचायचं नाही. भिकुबाई सासूचा नेम मोडेनात, गाव गावाची अब्रू सोडेना, आणि दोघांच्या मध्ये टॉवेल-टोपी घातलेले रुपचंद एकदा वरवंटा उचलायचे, एकदा खाली ठेवायचे. ज्याच्या मानासाठी हे चाललं होतं त्याचं कुणी ऐकत नव्हतं. हा वाद तासभर चालला. कुणीतरी ग्रामपंचायतीचा ठराव घ्यावा असंही सुचवलं. कोरम भरत नव्हता.

शेवटी रुपचंदांनी कधी नव्हे ते केलं. खरं सांगितलं. पंगतीतली बढाई सांगितली, व्याह्याचं बोलणं सांगितलं, आणि लेकीला त्या घरात नांदायचं आहे हे सांगितलं. वना आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"कोनी दखंच नही," ते सावकाश म्हणाले, "तं जवाईनी काम करं कोठे?"

आणि ते पाट्याकडे पाठ करून बसले. त्यांचं बघून चिंधा बसला. मग पोरी, बाया, पारावरची माणसं, मळ्यातला माणूस, सगळा बठ्ठा गाव भिकुबाईच्या अंगणात पाठमोरा बसला आणि समोरच्या भिंतीकडे बघत कपाशीच्या भावावर बोलू लागला. रुपचंद पाट्यावर बसले.

कुणाला वाटेल, आलं ठेचायला काय लागतं. त्याने सहा ओंजळी ठेचून बघाव्यात. पहिल्या ओंजळीला हात चुरचुरतात, दुसरीला डोळे वाहतात, तिसरीला माणूस वाहणारे डोळे त्याच हाताने पुसतो. त्यानंतरचं रुपचंदांना फारसं आठवत नव्हतं. सतराचा संकल्प सहावर आला. मधेच वरवंटा बोटावर बसला आणि त्यांच्या तोंडून एक शब्द गेला, तेव्हा पाठमोऱ्या गावाने एकदिलाने खोकून तो झाकला. भिकुबाई एकट्याच समोर बसून बघत होत्या, आणि मधून मधून "बारीक, जवाईबापू, बारीक" म्हणत होत्या.

सहावी ओंजळ संपली तेव्हा भिकुबाईंनी त्यांना पेलाभर सणक दिली. चार हजार जळगावकर जिच्याबद्दल बोलतात ती ही. रुपचंदांनी घोट घेतला आणि क्षणभर त्यांना फसल्यासारखं वाटलं. गोड, आंबट, आल्याचं पाणी, दुसरं काय? एवढ्यासाठी? मग ते खालून वर आलं. छातीतून घशात, घशातून नाकात, नाकातून कानात, आणि कान दोन्ही बाजूंनी उघडले. वय काही ते विसरले नाहीत. उलट आपण एकोणपन्नास वर्षांचे आहोत, सरकारी नोकर आहोत आणि आत्ता आपण सहा ओंजळी आलं ठेचलं, हे त्यांना लख्ख आठवलं आणि छाती भरून आली. असा अभिमान त्यांना हेडक्लार्क झाले त्या दिवशीही वाटला नव्हता.

"कधी कुणी न ठेचता नेली का हो?" त्यांनी विचारलं.

"एक जन तेवढा ऊठी गया," भिकुबाई म्हणाल्या. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. फेटेवाला, तरणाबांड. आधी पेलाभर प्याला, मग पाट्याकडे बघितलं, इतक्या लोकांसमोर पाटलाने उकिडवं बसायचं का म्हणाला, आणि उठला. जाताना बठ्ठ्या गावासमोर म्हणे, धुळ्याले यान्हापेक्षा भारी भेटस. एका पेल्याचं आलं त्याच्याकडून राहिलं आहे. गडबडीत तपकिरीची डबी इथेच विसरला. भिंतीतल्या देवळीत अजून ठेवली आहे, आला तर द्यावी म्हणून.

रुपचंद देवळीपाशी गेले. पितळी डबी होती. झाकणावर ठिपक्यांनी कोरलं होतं, 'हिलाल सुका पाटील, धुळे'. इथे 'धुळे' पुढच्याच बाजूला मावलं होतं.

डबी खिशात घालून रुपचंद जळगावकडे निघाले तेव्हा त्यांना स्कूटर रस्त्याच्या वीतभर वरून चालल्यासारखी वाटत होती. खडीवर एकामागून एक दोन बुचं उडाली, एक पाठीत बसलं, सफारीवर सणकेचा अभिषेक झाला, तरी ते हसतच होते. आखाजीला भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, नाना ते वाक्य म्हणतील आणि आपण ही डबी पुढे ठेवू. त्या क्षणासाठी कोणते शब्द वापरायचे याचे त्यांनी धरणगावपर्यंत तीन मसुदे केले.

घरी पुष्पाबाईंनी सगळं ऐकलं. टाकरवाडे म्हणजे माझं आजोळच की, असं त्या म्हणाल्या. आल्याचं पाणी होय, ते आम्हाला लहानपणी पोट दुखलं की द्यायचे, त्याला तुम्ही सणक म्हणता हे मला काय माहीत? त्यांनी उरलेल्या चार बाटल्यांतली एक उघडली, घोटभर चाखली आणि भिकुमावशी हल्ली गूळ कमी घालते, असा निकाल दिला. त्या बाटलीतली बाकीची कॉलनीत चमच्या-चमच्याने वाटली गेली. रतिलालशेठना ती १९७४च्या मानाने थोडी कमी वाटली. झिपरूआप्पांनी बूच तेवढं मागून घेतलं.

रुपचंदांचे हात आठवडाभर सुजून लाल होते. पेन धरवत नव्हतं. कचेरीत त्यांनी विचारणाऱ्या प्रत्येकाला हात दाखवले, न विचारणाऱ्यालाही दाखवले.

डबी बघून मात्र पुष्पाबाई हसल्या नाहीत. "चारचौघांत काढाल," त्या म्हणाल्या, "आणि धुळ्याला परत माझी पोर जाईल."

आखाजीच्या आदल्या दिवशी नाना आले. बरोबर शैला, नानांचे दोन भाऊ आणि एक मेहुणा. कॉलनीतली मंडळीही आधीच येऊन भिंतीला टेकली होती. रुपचंदांनी बाटलीची सुतळी सोडली, बूच उडालं, पेला फसफसून भरला. नानांनी घोट घेतला. दुसरा घेतला. त्यांचे डोळे मिटले, आणि मिटलेलेच राहिले. मग त्यांनी पेला खाली ठेवला, खिशातून स्टीलची डबी काढली, चिमूट नाकाला लावली, आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "बरी शे. पण धुळ्याले यान्हापेक्षा भारी भेटस."

रुपचंदांचा हात खिशात गेला. बोटांना पितळ लागलं. तिसरा मसुदा जिभेवर होता. स्वयंपाकघराच्या दारात शैला उभी होती, नवी साडी नेसलेली, आणि बापाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. रतिलालशेठ पुढे सरसावून बसले.

"मिळत असेल, नाना," रुपचंद म्हणाले आणि त्यांनी हात रिकामा बाहेर काढला. एवढं कठीण काम त्यांनी पाट्यावरही केलं नव्हतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर नाना अंगणात कडुलिंबाखाली एकटेच खाटेवर बसले होते. रुपचंद पाणी घेऊन गेले आणि तांब्याबरोबर रुमालात गुंडाळलेली डबी त्यांनी खाटेवर ठेवली. नानांनी रुमाल सोडला. डबी हातात घेतली, अंगठ्याने झाकणावरचे ठिपके चाचपले. मग त्यांचं लक्ष पाणी देणाऱ्या हातांकडे गेलं, अजून लाल, एका बोटाचं नख काळं पडलेलं. कडुलिंबाची वाळकी पानं खाली येत होती.

"पाटा तोच शे का?" नानांनी विचारलं.

"तोच," रुपचंद म्हणाले.

आखाजी झाल्यावर तिसऱ्या दिवशी स्कूटर पुन्हा टाकरवाड्यात शिरली, मागे फेटा सावरत हिलाल नाना. भिकुबाईंनी त्यांना ओळखलं, पण बोलून दाखवलं नाही, ओंजळभर आलं पाट्यावर ठेवलं. गाव मात्र गोळा होऊन समोरच उभा राहिला. वना आबांनी स्पष्ट सांगितलं की पाठ करायची ती जावयासाठी, हा काही आपला जावई नाही. नाना वरवंट्याजवळ उभे राहिले, खाली बघत. तीस वर्षांपूर्वी ते इथूनच उठले होते.

रुपचंद अंगणाच्या मधोमध गेले, नानांकडे पाठ करून खाली बसले, आणि मोठ्याने कपाशीचा भाव विचारला. जावई बसला म्हटल्यावर गावाला उभं राहता येईना. एकेक करून बठ्ठा गाव पाठमोरा बसला.

मागे बांगड्या वाजल्या, भिकुबाई पाट्याजवळ सरकल्या असाव्यात. मग वरवंट्याचा पहिला आवाज आला, अडखळत, मग दुसरा. रुपचंद भिंतीकडे बघत भाव ऐकत राहिले. एक ओंजळ व्हायला त्यांना स्वतःला जेवढा वेळ लागला होता त्याच्या दुप्पट वेळ गेला. शेवटी वरवंटा थांबला, पेला भरल्याचा आवाज झाला, कुणीतरी प्यायलं, नाक ओढलं.

"रुपचंदभाऊ," मागून नाना म्हणाले, आवाज आल्याने भरलेला, "धुळ्याले आसं काहीच भेटत नही."

रुपचंदांनी मागे वळून बघितलं नाही.